नवा व्यवसाय आणि घरची पेटी

किनवट तालुक्यांतील इस्लापूरसारख्या गांवीं एखादा तरुण इंजिनियर इमारतींचे नकाशे करण्याचा स्वतंत्र व्यवसाय मांडतो, तेव्हां मुहूर्त पाहिला जातो. करांची चौकशी मात्र मागें राहते. ती प्रथम व्हावी, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्यान्वयें अशा व्यावसायिकास वर्षाला २,५०० रुपये व्यवसायकर पडतो. त्यासाठीं ३० दिवसांत नांव नोंदवावें. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यास वस्तु व सेवाकराचीही नोंदणी करावी लागते. प्राप्तिकरांत, जमा ५० लाखांच्या आंत असल्यास, किमान निम्मी रक्कम नफा मानण्याची सवलत आहे. ती घेणारास, कर बसत असल्यास, संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरावा लागतो.

खरी अडचण येथेंच आहे. एकत्र कुटुंबांत आलेलें शुल्क घरखर्चाच्या पेटींत जातें आणि मार्चांत हातीं कांहीं उरत नाहीं. बॅरिस्टर जयकरांच्या प्रयत्नानें १९३० सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत कायदा झाला कीं, कुटुंबाच्या खर्चानें विद्या मिळाली तरी तिची कमाई मिळविणाराचीच. आजचा प्राप्तिकरही अशा कमाईचा कर मिळविणाराकडेच मागतो.

म्हणून बँकेंत निराळें खातें उघडून प्रत्येक रकमेंतील कराचा वांटा आधीं तेथें ठेवावा, मग घराला द्यावें. वडीलधाऱ्यांनीं यांत वेगळें निघण्याची शंका घेऊं नये. हिशेब चोख असला म्हणजे एकत्र घर अधिक टिकतें.