७५ वॅटचं अंथरूण

"मामा, कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. कुठलं घेऊ?"

फोन नाशिकहून, भाच्याचा. त्याच्याकडे कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त होऊन 'रिफर्बिश्ड' या सोज्वळ नावाने पुन्हा विकला गेलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि बुटकं काळं कॅबिनेट. हा प्रोसेसर २०१३ साली बाजारात आला, तेव्हा भाचा बालवाडीत होता. आता त्याला त्याच यंत्रावर ब्लेंडरमध्ये त्रिमिती चित्रं करायची आहेत आणि आईला फारसं न सांगता गेमही खेळायचे आहेत.

"कार्डाचं नंतर बघू. आधी कॅबिनेट उघड आणि एसएमपीएसवरचा, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, स्टिकर वाचून दाखव," मी म्हटलं. पलीकडे शांतता. चार व्हिडिओ पाहून त्याने तीन कार्डांची यादी केली होती, आणि मामा स्टिकर वाचायला सांगत होता.

पण जुन्या डेस्कटॉपला कार्ड निवडताना सुरुवात यंत्रापासूनच करावी लागते. ते विजेला किती सढळ आहे, आत जागा किती आहे आणि त्याचं काम नेमकं कुठे अडतंय, एवढं कळलं की निम्मी यादी आपोआप खोडली जाते.

ठिपक्यांची रांगोळी

फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. गेम डोळ्यांना सुखाने सरकताना दिसायचा तर ही रांगोळी सेकंदाला ६० वेळा पुसून नव्याने काढावी लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवायचे, आणि त्यातही उजेड, सावली, पोत यांचे हिशेब वेगळे.

प्रोसेसर हा उस्ताद कलाकार. अवघड नक्षी त्याच्याकडेच द्यावी, पण भाच्याच्या प्रोसेसरमध्ये असे उस्ताद, म्हणजे कोअर, चारच आहेत. ग्राफिक्स चिपची युक्ती वेगळी आहे. एका ठिपक्याचा रंग काढताना शेजारच्या ठिपक्याचं काम पूर्ण व्हायची वाट बहुधा पाहावी लागत नाही. मग साधे, पण शेकडो हात एकदम का लावू नयेत? गल्लीतली सगळी पोरं रांगोळीला बसवली की त्यांत कुणी उस्ताद नसला तरी अंगण भरून निघतं, तसंच हे.

आय-फाइव्ह ४५७० च्या पोटातही 'एचडी ४६००' नावाची छोटी ग्राफिक्स चिप आहे. तिची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे ३७ हजार कोटी गणितांची. तिची खरी अडचण मात्र दुसरीच आहे. तिला स्वतःची मेमरी नाही. रंगांचे डबे तिला प्रोसेसरच्याच रॅममधून मागून घ्यावे लागतात. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल तर या पिढीच्या यंत्रात सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी माहिती ये-जा करते. दोन सारख्या पट्ट्या जोडीने लावल्या की २५.६ जीबी. म्हणून कार्ड घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती पट्ट्या आहेत ते मोजावं. दुसऱ्या पट्टीने एचडी ४६०० लाही थोडा दम येतो, आणि कार्ड आल्यावरही ती वाया जात नाही.

वाट कोण पाहतंय?

गेममध्ये प्रत्येक चित्राआधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभं आहे, काय हललं, कुठली भिंत कोसळली. मग तो कार्डाला कामाची यादी देतो. यादीच उशिरा आली तर हजारो हात रांगोळीची चिमूट धरून बसून राहतात. अशा यंत्रात भारी कार्ड घातलं तर हात फक्त वाढतात, यादी काही लवकर येत नाही.

हे घरीच तपासता येतं. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणायचं. ठिपके निम्म्याहून कमी होतात, पण प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजे एफपीएस, यामुळे चांगली वाढली तर अडचण ग्राफिक्सकडे आहे आणि कार्डाचा उपयोग होईल. आकडा जागचा हललाच नाही, तर वाट प्रोसेसरची पाहिली जातेय. ठिपके अगदी कमीत कमी ठेवून मिळणारा आकडा हीच साधारण त्या प्रोसेसरची धाव. त्यापुढे कुठलंही कार्ड त्याला नेऊ शकत नाही.

टास्क मॅनेजरवर विसंबताना एक काळजी घ्यावी. तो प्रोसेसर ४० टक्केच कामात असल्याचं दाखवेल, आणि तरी चारपैकी एक कोअर पूर्ण दमलेला असेल. चौघांची सरासरी पाहून एकाचा घाम कळत नाही. म्हणून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा पाहावा.

ब्लेंडरची गोष्ट निराळी. तयार दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत चढलं की अंतिम चित्र रंगवण्याचं बहुतेक काम कार्ड एकटं करतं. म्हणजे तोच जुना प्रोसेसर गेमला अपुरा पडू शकतो आणि ब्लेंडरला पुरूही शकतो. आणि ज्यांचं काम पत्रं, एक्सेल आणि बँकेच्या वेबसाइटपुरतं आहे, त्यांनी कार्डाच्या वाटेला जाऊच नये. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर त्यांना यंत्र नवं झाल्यासारखं वाटेल.

स्लॉट देतो ते ७५ वॅट

भाच्याचा स्टिकर २५५ वॅटचा निघाला. प्रोसेसरला ८४ वॅट धरले, मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून ढोबळ ४० धरले, तर कार्डासाठी बेरीज जमते. पण वीज आहे यापेक्षा ती कार्डापर्यंत पोचते कशी, हा प्रश्न मोठा.

कार्ड मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं, तो पीसीआय एक्स्प्रेसच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टच्या तारेतून येतात, बाकीचे ३.३ व्होल्टच्या. त्याहून जास्त लागलं तर एसएमपीएसमधून वेगळी वायर हवी. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. ऑफिसातल्या बुटक्या डेस्कटॉपमध्ये अशी वायर बहुधा नसतेच. एसएमपीएस बदलू म्हणावं तर अनेकदा त्याचा आकार आणि मदरबोर्डचा प्लग कंपनीने आपल्या सोयीचा केलेला असतो, बाजारातला नेहमीचा त्याला बसत नाही. काही छोट्या कॅबिनेटांत तर स्लॉटलाही पूर्ण ७५ वॅट मिळत नाहीत. हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं.

यावर काही जण डिस्कच्या साटा वायरला सहा पिनांचा अडॅप्टर जोडतात. तो जोडू नये. साटा प्लगच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअर वाहतात, म्हणजे सारे मिळून ५४ वॅट. कार्डाने ७५ ओढले तर प्लग तापतो आणि वितळूही शकतो.

म्हणजे अंथरूण ७५ वॅटचं. पण गंमत अशी की अंथरूण तेवढंच राहिलं आणि त्यात मावणारे पाय मात्र लांबत गेले. २०१४ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटमध्ये सेकंदाला सुमारे १.३ लाख कोटी गणितं करायचं. २०१६ चं १०५० टीआय ७५ वॅटमध्ये २.१ लाख कोटींवर गेलं, २०१९ चं जीटीएक्स १६५० तेवढ्याच विजेत ३ लाख कोटींवर. २०२४ चं आरटीएक्स ३०५० सहा जीबी हे कार्ड ७० वॅटमध्ये कागदावर ६.८ लाख कोटींपर्यंत जातं. प्रत्यक्ष गेममध्ये फरक इतका मोठा दिसत नाही, कारण गणित मोजण्याच्या रीती पिढीगणिक बदलल्या आहेत. तरी दिशा तीच.

हे झालं कसं? ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना विजेचा एक सूक्ष्म घोट पितो. तो घोट ट्रान्झिस्टर आणि त्याच्या तारांच्या धारितेवर आणि व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो. व्होल्टेज निम्मं केलं की घोट चौथाईवर येतो. ७५० टीआयची चिप २८ नॅनोमीटर तंत्राची होती, पुढच्या १४, १२ आणि ८ नॅनोमीटरच्या. हे आकडे आता मोजमापापेक्षा नावांसारखेच वापरले जातात, पण प्रत्येक पायरीवर तेवढ्याच विजेत जास्त ट्रान्झिस्टर राबवता आले, हे खरं. आणि कार्डाने खाल्लेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. बुटक्या कॅबिनेटमध्ये जुन्या पिवळ्या बल्बइतकी धग कोंडणार आहे, हे पंख्यांवरची धूळ झटकताना आठवावं.

एकच नाव, दोन कार्डं

आता दुकानातले खाचखळगे. आरटीएक्स ३०५० नावाचं आठ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं. ते १३० वॅटचं आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. सहा जीबीचं कार्ड ७० वॅटचं, वायरीशिवाय चालणारं. नाव एक, स्वभाव दोन. जीटी १०३० ची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या जीडीडीआर-५ मेमरीच्या कार्डात सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते, नंतर आलेल्या डीडीआर-४ च्या कार्डात १६.८. खोक्यावर मोठ्या अक्षरात दोघांचंही नाव सारखंच. म्हणून खोक्याची मागची बाजू वाचावी.

एएमडीचं आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचं देखणं कार्ड. पण ते मदरबोर्डशी सोळाऐवजी चारच वाटांनी बोलतं. नव्या यंत्रात ते खपून जातं. भाच्याच्या यंत्रातल्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर मात्र त्या चार वाटांनी सेकंदाला जेमतेम ४ जीबी माहिती जाते. कार्डाच्या स्वतःच्या चार जीबी मेमरीचा वेग १२८ जीबी. दृश्य त्या मेमरीत मावलं नाही की रंगाचा डबा आणायला माळ्यावर चढावं लागतं, आणि शिडी ३२ पट हळू. इंटेलची आर्क कार्डं स्वस्तात खुणावतात, पण त्यांना प्रोसेसरने कार्डाची सगळी मेमरी एकदम पाहण्याची जी नवी सोय लागते, ती इतक्या जुन्या ऑफिस-यंत्रांत मुळात नसते. त्याविना त्यांचा वेग बराच घसरतो.

जागेचं गणित साधं आहे. नेहमीच्या कार्डाची मागची धातूची पट्टी १२ सेंटीमीटर उंच असते, बुटक्या कॅबिनेटला लागणाऱ्या लो प्रोफाइल कार्डाची ८. जीटीएक्स १६५० आणि सहा जीबीचं ३०५० दोन्ही लो प्रोफाइलमध्ये निघाली आहेत. स्लॉटच्या शेजारी एकाच कार्डाची रुंदी आहे की दोनाची, तेही पट्टीने मोजावं.

सॉफ्टवेअरलाही वय असतं. एनव्हिडियाने ७५० टीआय, १०३० आणि १०५० टीआयच्या पिढ्यांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. त्यांना २०२८ पर्यंत सुरक्षेपुरती डागडुजी मिळेल. १६५० आणि त्यापुढची कार्डं अजून यादीत आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह नाही. कार्ड कितीही नवं घातलं तरी ही अडचण सुटत नाही. म्हणून जे कार्ड उद्याच्या यंत्रातही उचलून नेता येईल, त्यावर पैसे घालणं शहाणपणाचं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सेकंड हँड घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इथेरियम या आभासी चलनाची पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बदलली आणि त्यासाठी दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांचे पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेली असू शकते. शिवाय खूप जुन्या कार्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचा उद्योगही चालतो. जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम अशी बरीच सोंगं ओळखतो. दुकानदारासमोरच तो चालवावा.

हे सगळं फोनवर सांगून होईपर्यंत भाच्याच्या यादीतली दोन नावं गेली होती. सहा जीबीचं लो प्रोफाइल ३०५० तेवढं उरलं, आणि खाली रॅमच्या दुसऱ्या पट्टीची नोंद.

"मॉनिटरला मागे कसलं भोक आहे?" मी विचारलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "निळं. पंधरा पिनांचं. एवढंच आहे."

म्हणजे व्हीजीए. नव्या कार्डांतून डिजिटल संदेशच बाहेर पडतो, तेव्हा त्याला साधी जोडवायर चालणार नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल. त्याने तोही लिहून घेतला. "आणि केबल कार्डाला लाव, मदरबोर्डला नको. नाहीतर कार्ड आत नुसतं बसून राहील, आणि तू दुकानदाराला शिव्या देशील."

"मग आज संध्याकाळी दुकानात जातोस?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आधी सातशेवीसची चाचणी करतो."