लवूळची वानरं आणि आपला मोबाइल

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातलं, माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव चार दिवस जगभर गाजलं. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी कुत्र्यांची अडीचशे पिल्लं मारून सूड उगवला, अशी ती बातमी. मोबाइलवर टोळीयुद्धाची चित्रं फिरू लागली. १८ डिसेंबरला वन विभागाच्या नागपूरच्या पथकानं दोन वानरं पकडली, तेव्हा तर सराईत गुंडांना अटक झाल्यासारखी चर्चा रंगली. मी नागपूरचा, त्यातून प्राणिशास्त्राचा मास्तर. त्यामुळे जो भेटेल तो विचारायचा, "सर, वानरं खरंच बदला घेतात का हो?"

अडीचशेच्या आकड्याला कधीच पुरावा मिळाला नाही. काही गावकऱ्यांनी सांगितलं ते एवढंच, की वानरं पिल्लांना उचलून झाडावर, घरांच्या छपरांवर नेत. तिथे दूध नाही, पाणी नाही. काही पिल्लं खाली पडून मेली, काही उपाशी. सुडाची गोष्ट त्यावर माणसांनी चढवली.

वानर पिल्लू का उचलतं, याचा थोडा अंदाज नागपूरजवळच्या रामटेकला येतो. गडावर प्रसादाची पिशवी ओढणाऱ्या वानराचे फोटो सगळेच काढतात. मी विद्यार्थ्यांना तान्ह्या पिल्लाकडे बघायला सांगतो. अंगावर गडद, काळपट लव आणि चेहरा मात्र फिकट गुलाबी. काळं तोंड नंतर येतं. आई पाला खात बसते आणि पिल्लू टोळीतल्या दुसऱ्या माद्यांच्या हातांतून फिरत असतं. एखादी पोरसवदा मादी त्याला उलटंच धरते, ते किंचाळतं, मग आई येऊन हिसकावून घेते. दुसऱ्याचं पिल्लू उचलणं, सांभाळणं ही या जातीची सवयच आहे. लवूळला नेमकं हेच घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही; पण सुडापेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

प्राण्यांच्या बातमीचा असा तमाशा जगभर चालतो. २८ मे २०१६ रोजी अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा मुलगा गोरिलाच्या आवारात पडला. त्याला वाचवण्यासाठी हराम्बे या गोरिलाला गोळी घालावी लागली. आदल्याच दिवशी त्याला १७ वर्षं पूर्ण झाली होती. शोक दोन दिवस टिकला. मग त्याच्या नावानं एवढे विनोद सुरू झाले, की ऑगस्टमध्ये प्राणिसंग्रहालयाला आपलं ट्विटर खातं बंद करावं लागलं.

कौतुकही कमी घातक नाही. व्हिडिओत गुदगुल्या केल्यावर दोन्ही हात वर करणारा स्लो लोरिस लाखो लोकांना गोड वाटला. माकडांचा हा दूरचा भाऊबंद घाबरला की हात वर करतो. कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळून त्याला विषारी चावा घेता येतो. जाहिरातीतला चिंपांझी दात दाखवतो, तेही बहुतेक वेळा भीतीनं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की माणसाशेजारी उभ्या चिंपांझीचा फोटो पाहणाऱ्यांना तो पाळायला योग्य प्राणी वाटण्याची शक्यता वाढते. जंगलात त्याची संख्या घटते आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

रामटेकला काही जण सेल्फीसाठी वानराला बिस्किटं देतात. पाला पचवण्यासाठी त्याच्या जठरात कप्पे असतात, जिवाणूंचं आंबवण होतं. मैदा-साखर त्याच्या कामाची नाही. शिवाय माणसाच्या हातातून खायची सवय लागली, की उद्या तेच वानर पिशवी हिसकावतं आणि मग 'वानरांचा उच्छाद' म्हणून तक्रार होते.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारायला लावतो. कपडे घातलेलं, बाटलीनं दूध पिणारं माकडाचं पिल्लू मोबाइलवर आलं, की आधी विचारा: याची आई कुठे आहे? माकडीण आपलं तान्हं सुखासुखी कुणाच्या हाती देत नाही. अशा व्यापारात कित्येकदा आईला मारूनच पिल्लू मिळवतात. उत्तर मिळालं नाही, तर तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.