जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि हरवलेला आवाज

जून २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावात डेव्हिड गिल्मर यांची काळी गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. गिटारचे मोल समजू शकते; तिच्यावर वादकाच्या बोटांची झीज दिसते. पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज एकट्या गिटारचा नसतो. तारांच्या कंपनातून निघणारा क्षीण विद्युतसंकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे काम रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह करीत. त्यांना क्षमतेबाहेर ताणले की आवाज फाटतो, दाटतो आणि स्वर लांबतो. मुळात हा दोष. रॉक संगीताने त्याचा अलंकार केला.

या अलंकाराचा इतिहास एका हरवलेल्या पेटीपाशी येऊन थांबतो. १९६६ साली लंडनमध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी तरुण एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचावर वाजवावा तितक्याच मोठ्या आवाजात वाजवला. त्या मॉडेलचा क्रमांक १९६२. नवखे संग्राहक हे उत्पादनाचे साल समजून फसतात. मार्शलची मूळ रचनाही अमेरिकेच्या फेंडर बासमनवरून घेतलेली. ध्वनिमुद्रिका निघाली त्याच वर्षी क्लॅप्टन यांची गिटार चोरीला गेली. अ‍ॅम्प्लिफायरचाही पुढे पत्ता लागला नाही.

उद्या तो सापडला, तर ओळखायचा कसा? गिटारच्या लाकडावरील रेषा जुन्या छायाचित्राशी जुळवता येतात. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कापडाने मढवलेली पेटी. तिच्यासारख्या अनेक निघालेल्या. म्हणून संग्राहक कापडावरची फाटलेली जागा, पेटीवर रंगवलेले वाद्यवृंदाचे नाव, दुरुस्तीच्या पावत्या असे दुवे जोडतो. पेटीच्या आतही पुरावा असतो. अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमच्या बटणामागील भागावर ३०४६६२३ असा आकडा असेल, तर ३०४ ही निर्मात्याची खूण, ६६ हे साल आणि २३ हा आठवडा. अर्थात यातून एवढेच सिद्ध होते, की भाग मूळचा असेल तर पेटी त्याआधीची नाही. ती कोणी वाजवली, हे आकडा सांगत नाही.

खरा पेच पुढे आहे. व्हॉल्व्ह झिजतात, कपॅसिटर सुकतात, स्पीकरचा कागद फाटतो. पन्नास वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट विजेला जोडला तर जळू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. भाग बदलावे तर अस्सलपणा कमी होतो, न बदलावे तर पेटी मुकी राहते. जाणते संग्राहक मधला मार्ग काढतात: दुरुस्ती करतात, पण काढलेला प्रत्येक भाग नोंदीसह पिशवीत घालून पेटीसोबत जपतात.

आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी पुन्हा लावतात, तारा बदलतात. तरी तो त्याच गवयाचा तंबोरा राहतो, कारण तो वाजता ठेवणे हेच त्याचे जतन असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत बाजार मात्र उलट हिशेब मांडतो. जितका कमी हात लागलेला, तितका तो महाग. म्हणून ज्या आवाजासाठी हे वेड सुरू झाले, तोच आवाज सर्वांत महागड्या पेट्यांतून ऐकू येईल, याची खात्री उरत नाही.