चाक का डुगडुगते?



आपल्या वर्गातली निम्मी मुले सायकलवर शाळेत येतात. सायकलीचे चाक डुगडुगू लागले तर आपण काय म्हणतो? "चालतंय ना, मग चालवू." मीही असेच म्हणत होतो. पण गेल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि माझे डोळे उघडले. त्या दोन्ही गोष्टी आणि त्यांतून मी जे शिकलो ते आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट बाबांच्या काळ्या सायकलीची. बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. गणपती जवळ आले की कामाची घाई असते. एके दिवशी कॅरिअरवर शाडूची गोणी घेऊन येताना मागचे चाक खड्ड्यात आपटले. घरी येईपर्यंत चाक डुलायला लागले. ब्रेकचे रबर दर फेऱ्याला एका जागी घासून खर्र खर्र वाजत होते. बाबा दमले होते. मी म्हटलं, "मी करतो नीट." तारा पिळायची चावी घेतली आणि जी तार सैल वाटली ती पिळत सुटलो. अर्ध्या तासात रिम पापडासारखी वाकडी झाली आणि चाक चिमट्यात अडकून बसले. दुसऱ्या दिवशी बाबा चालत पेणला गेले. उशीर झाला, अर्धा रोज बुडाला. ते मला काहीच बोलले नाहीत. मला मात्र फार वाईट वाटले.

रविवारी मी ती सायकल ढकलत दुकानात नेली. मिस्त्रीकाकांनी चाक पाहिले, हसले आणि म्हणाले, "बाळा, आधी दुखणं कुठं आहे ते बघ, मग पाना उचल." चाक डुगडुगण्याची तीन कारणे त्यांनी मला दाखवली. ती अशी :

१) एक्सलचे नट सैल असणे. चाक ज्या दोन नटांनी चिमट्यात बसवलेले असते ते नट ढिले झाले की सगळे चाकच हलते. हे पहिले पाहावे, कारण हे सर्वांत सोपे. पान्याने दोन्ही बाजूंचे नट घट्ट करायचे. मात्र चाक चिमट्याच्या मध्यावर आहे ना, ते आधी पाहायचे.

२) हबमधला कोन सैल असणे. टायर हातात धरून चाक डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहा. नट घट्ट असूनही आत खटखट लागले तर कोन ढिला आहे किंवा छर्रे झिजले आहेत. कोन घट्ट करायला पातळ पाना लागतो. तो फार आवळायचा नाही. चाक हलक्या हाताने फिरले पाहिजे आणि खटखटही नको. छर्रे बदलायचे झाले तर सगळेच बदलावेत. नवे-जुने एकत्र केले तर सगळा भार नव्यांवरच येतो. बसवताना ताजे ग्रीस भरावे.

३) रिम आउट होणे. नट घट्ट आहेत, आत खटखटही नाही, पण चाक फिरवले की रिम नागमोडी जाते. असे असेल तर दोष तारांचा. आमच्या सायकलीला हेच झाले होते.

आता तारांची गंमत ऐका. मला वाटायचे, बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे जसा भार तोलून धरतात तशाच सायकलीच्या तारा धरत असतील. पण पातळ तार दाबली की वाकते. ती फक्त ओढू शकते. म्हणून सायकलीच्या सगळ्या तारा रिमला आत खेचून ताणलेल्या असतात. निम्म्या तारा हबच्या डाव्या कडेला आणि निम्म्या उजव्या कडेला अडकवलेल्या असतात. हा रस्सीखेचीचा खेळच आहे. दोन्ही बाजू सारख्या ओढतात तोवर रिम मधोमध राहते. एका बाजूची तार सैल झाली की दुसरी बाजू जिंकते आणि रिम तिकडे जाते. बाबांच्या सायकलीच्या तारा मी मोजल्या. पुढे ३२ आणि मागे ४० आहेत. मागे भार जास्त, म्हणून तारा जास्त.

तारा तिरक्या का असतात, हेही मी विचारले. पायडल मारले की साखळी हबला पिळते. तारा सरळ असत्या तर त्यांना हा पीळ नीट सोसला नसता. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री गावच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली तिरक्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. आज आपल्या सायकलींनाही तशाच तिरक्या तारा असतात.

आउट काढायची रीत अशी. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. चिमट्याला खडू असा बांधा की तो रिमच्या कडेला जेमतेम लागेल. चाक हळू फिरवा. जिथे खडू घासतो तिथे रिम त्या बाजूला गेली आहे. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागेजवळच्या उजव्या कडेच्या तारा थोड्या ताणा आणि डाव्या कडेच्या तेवढ्याच सैल करा. उलटी सायकल वरून पाहताना चावी घड्याळाच्या काट्यासारखी फिरवली की तार ताणते. एका वेळी पाव फेराच द्यायचा. मग चाक फिरवून पुन्हा पाहायचे. मी एकेका तारेला दोन-दोन फेरे दिले होते, म्हणून पापड झाला!

आता दुसरी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी एस.टी.ने रोह्याला मामाकडे गेलो. माझ्या मामेभावाकडे डिस्क ब्रेकची सायकल आहे. तो दहावीत आहे. एके सकाळी आम्ही दोघे नागोठण्याच्या रस्त्याने भिसे खिंडीकडे निघालो. मी मामाची जुनी सायकल घेतली होती. चढण चढून वर गेलो. आता मस्त उतार होता. दादा म्हणाला, "चल, सोडतो बघ कशी!" पण त्याने सहज पुढचा ब्रेक दाबला आणि टक असा आवाज आला. मला मिस्त्रीकाकांचे शब्द आठवले. मी म्हटलं, "दादा थांब, आधी बघू." चाकाजवळ वाकून पाहिले तर डिस्कच्या सहा बोल्टांपैकी एक पडून गेला होता आणि तीन बोटाने फिरत होते!

आम्ही दोघेही सायकली हातात धरून सगळा उतार चालत उतरलो. घरी यायला दुपार झाली. मामी रागावली. पण मामाने बोल्ट पाहिले आणि म्हणाला, "चालत आलात ते बरं केलंत."

हे बोल्ट एवढे महत्त्वाचे का? जुन्या सायकलीत ब्रेकचे रबर थेट रिमला धरते. डिस्क ब्रेकमध्ये ब्रेकचे पॅड हबवरच्या लोखंडी चकतीला धरतात. चकती थांबली की तिने हबला थांबवायचे, हबने तारांना आणि तारांनी रिमला. चकती आणि हब यांच्यामध्ये असतात ते हे सहा लहान बोल्ट. चाक थांबवण्याचे सगळे जोर त्यांच्यावर येतात. ते सैल झाले तर चकती मागे-पुढे आपटते, बोल्ट तुटतात आणि चकती अडकून चाक एकदम जाम होऊ शकते. उतारावर पुढचे चाक जाम झाले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

मामाने आमच्या समोर ते नीट केले. ते असे :

काहींच्या डोक्यात चांदणीसारखी खाच असते, काहींच्या षटकोनी. बरोबर बसेल तोच पाना वापरावा, नाहीतर खाच झिजते. हरवलेल्या बोल्टाच्या जागी तेवढ्याच लांबीचा आणि तशाच आट्यांचा बोल्ट घ्यावा. आटे पुसून त्यांवर ते सैल होऊ न देणारे निळे औषध एक थेंब लावावे. बोल्ट ओळीने आवळू नयेत, समोरासमोर आवळावेत : १, ४, २, ५, ३, ६. आधी सगळे थोडे, मग सगळे घट्ट. असे केले की चकती सपाट बसते. पण अंगाचा सगळा जोर लावू नये, आटे मरतात. आटे मेलेच तर सायकल दुकानातच न्यावी.

चकतीला तेलाचा हात लावू नये, ब्रेक लागत नाही. नुकताच ब्रेक लावला असेल तर चकतीला मुळीच हात लावू नये, ती चांगलीच तापलेली असते. आणि टक आवाज हँडलचे छर्रे सैल असले तरी येतो, म्हणून नुसत्या आवाजावर न जाता बोल्ट डोळ्यांनी पाहावेत.

मित्रांनो, या सगळ्याला आठवड्यातून पाच मिनिटे लागतात. दर रविवारी मी बाबांच्या सायकलीचे नट पाहतो, चाक फिरवतो, तारा बोटाने वाजवून पाहतो. सैल तार जड आणि मंद वाजते, ते लगेच कळते.

पालकांनाही एक विनंती. हे वाचून झाले की बाहेर लावलेल्या आपल्या सायकलीचे पुढचे चाक उचलून एकदा फिरवा आणि ब्रेक दाबून पाहा. आवाज आला तर आज सायकल हातात धरून घरी जा. आम्हीही चालतच आलो होतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी