ओझे करांचे (भाग ४) : जवळचा कर आणि दूरचा कर

धाराशिव जिल्ह्यातल्या कुटुंबाकडून कर घेणारा जितका जवळचा, तितका त्याचा हात आखडता असतो. घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर मागणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याला त्याच गल्लीत मतेही मागायची असतात. राज्याचा कर डिझेलच्या दरात मिसळलेला असतो. तो वेगळा मोजून द्यावा लागत नाही, म्हणून त्याबद्दल गावात कुणी कुणाला जाब विचारत नाही.

घरपट्टीचा हिशेब नमुना ८ च्या उताऱ्यावर दिसतो. घर मातीचे की आरसीसीचे, किती जुने, राहते की दुकानाचे, क्षेत्रफळ किती, हे त्यावर नोंदलेले असते. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले आणि आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या दराशी जोडून होऊ लागली. परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या गावठाणाला पुण्याजवळच्या हवेलीतल्या गावाचा भाव नाही. त्यामुळे कराचा दर सारखा ठेवला तरी हाती येणारी रक्कम तोकडीच राहते. दर वाढवायचा तर ठराव घ्यावा लागतो आणि निवडणूक तोंडावर असताना असा ठराव मांडायला सहसा कुणी धजत नाही. थकबाकीदाराला मात्र निवडणूक अडवते. मागणीनंतर मुदतीत कर न भरणारा सदस्यत्वाला अपात्र ठरू शकतो, म्हणून उमेदवार अर्ज भरण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला काढतात.

उरलेली गरज वरून येणाऱ्या निधीवर भागते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. नगरपालिकांचे स्वातंत्र्य 1999 मध्येच आकसले होते. त्या वर्षी जकात गेली आणि शहरे राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली.

राज्याच्या करांत दुष्काळाचे राजकारण ठळक दिसते. 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. त्यानंतर रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदार आणि व्यावसायिकांच्या पैशातून दुष्काळी गावात काम, अशी ती सरळ मांडणी होती. महाराष्ट्राच्या करधोरणातला हा सर्वांत न्याय्य निर्णय म्हणावा लागेल, कारण ज्याची झळ कमी त्याने जास्त उचलावे, हे त्यात स्पष्ट होते.

2015 च्या दुष्काळात मार्ग वेगळा निवडला गेला. ऑक्टोबरपासून पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे 2 रुपयांचा अधिभार बसला. दुष्काळग्रस्तांसाठी म्हणून घेतलेला हा पैसा भूम-वाशीच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधूनही जात होता आणि पाण्याच्या टँकरमधूनही. दुष्काळात शेतसाऱ्यात सूट मिळते खरी, पण शेतसाऱ्याची रक्कम मुळात किरकोळ. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी अधिभार लगेच उठला नाही. लोकांना न दिसणारा कर रद्द करण्याची घाई सरकारला नसते.

शेजारच्या राज्याशी तुलना झाली की मात्र हा कर उघडा पडतो. पुणे-हैदराबाद महामार्ग उमरग्यापुढे कर्नाटकात शिरतो. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क घटवल्यावर कर्नाटकच्या भाजप सरकारने आपला कर लिटरमागे 7 रुपयांनी उतरवला. महाराष्ट्रातले महाविकास आघाडीचे सरकार केंद्राकडील जीएसटीच्या थकबाकीवर बोट ठेवून थांबले. मालवाहू ट्रकची टाकी मोठी, त्यामुळे चालकाला सीमेपलीकडे डिझेल भरणे परवडू लागले. अशा वेळी अलीकडच्या पंपाची विक्री घटते आणि त्यासोबत राज्याच्या तिजोरीत येणारा करही. सत्तांतरानंतर जुलै 2022 मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल 5 आणि डिझेल 3 रुपयांनी स्वस्त केले. तरीही फरक उरलाच. तो कमी झाला जून 2024 मध्ये : लोकसभेचा निकाल लागल्यावर पंधरवडाही उलटला नव्हता, तोच काँग्रेसच्या कर्नाटक सरकारने कर वाढवला आणि तिथले इंधन सुमारे 3 रुपयांनी महागले.