आजाराला रविवारची सुटी नसते

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात असलेल्या इंझोरीसारख्या गावात शनिवारी संध्याकाळी कोणाच्या छातीत दुखू लागले, की घरात आधी वाराचा विचार होतो. उद्या रविवार, दवाखान्यात डॉक्टर भेटतील का, की सोमवारपर्यंत कळ काढावी? शहरातील वाचकालाही ही शंका परकी नाही. मोठ्या रुग्णालयांतही रविवारी बाह्यरुग्ण विभाग सहसा बंद असतो, ज्येष्ठ तज्ज्ञ बहुधा दूरध्वनीवरच उपलब्ध असतात आणि तपासण्यांचा वेग मंदावतो. मग सुटीच्या दिवशी दाखल होणाऱ्या रुग्णाच्या जिवाला खरोखरच अधिक धोका असतो काय?

संशोधन काय सांगते?

या प्रश्नाचा मोठा अभ्यास कॅनडात झाला. ऑन्टारिओ प्रांतात १९८८ ते १९९७ या काळात तातडीने दाखल झालेल्या सुमारे ३८ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर, मृत्यूच्या १०० प्रमुख कारणांपैकी २३ कारणांत शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांचे मृत्यू लक्षणीयरीत्या अधिक आढळले. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील हृदयविकाराच्या रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये समोर आला. तेथे ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण इतर वारी १२ टक्के, तर शनिवार-रविवारी १२.९ टक्के होते. ही तफावत मुख्यत्वे अँजिओप्लास्टीसारखे उपचार सुटीच्या दिवशी कमी होण्याशी निगडित होती.

इंग्लंडमधील २०१५ च्या विश्लेषणात बुधवारच्या तुलनेत शनिवारी दाखल झालेल्यांचा धोका १० टक्क्यांनी, तर रविवारी दाखल झालेल्यांचा १५ टक्क्यांनी अधिक दिसला. त्यावरून तेथे राजकीय वादळ उठले आणि सातही दिवस सेवा देण्याच्या आग्रहातून २०१६ मध्ये कनिष्ठ डॉक्टरांचे संपही झाले. तथापि, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक ब्रिटिश अभ्यासाने चित्र पालटले. रुग्णांची कागदपत्रे बारकाईने तपासल्यावर आठवडाअखेरचे उपचार अधिक निकृष्ट असल्याचे आढळले नाही. त्या दिवशी दाखल होणारे रुग्णच मुळात अधिक आजारी आणि अधिक दुर्बल होते.

थोडक्यात, धोक्याचा बराचसा भाग रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच घडलेला असतो. गावातील डॉक्टर भेटत नाहीत, किरकोळ दुखणी घरीच राहतात आणि दुखणे विकोपाला गेलेला रुग्णच तेवढा रुग्णालय गाठतो.

महाराष्ट्राचा अनुभव

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. ते दिवस शनिवार-रविवारचे होते आणि सोमवारी गांधी जयंतीची सुटी होती. त्याच वर्षी १३ ऑगस्टच्या रविवारी ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यूंची नोंद झाली. केवळ वारामुळे हे मृत्यू झाले, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. मात्र नांदेडबाबत शासनाने दिलेले स्पष्टीकरण बोलके होते. अनेक रुग्ण खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत आले, असे सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्नही ऐरणीवर आला. उशिरा पोहोचणारा रुग्ण आणि अपुरे मनुष्यबळ या दोन्ही गोष्टी सुटीच्या दिवशी एकत्र येतात, हेच या घटनेतून दिसते.

साखळीतील दुवे

इंझोरीच्या रुग्णासाठी उपचारांची साखळी मानोऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, कारंजा येथील उपजिल्हा रुग्णालय, वाशिमचे जिल्हा रुग्णालय आणि प्रसंगी अकोला वा यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय अशी लांबत जाते. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला, त्यातून रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक सेवा वगळल्या. कागदावर दार उघडेच आहे. परंतु दार उघडे असणे आणि आत भूलतज्ज्ञ, रक्त व क्ष-किरण तंत्रज्ञ असणे यांत अंतर आहे. प्रसूतीनंतर रक्तस्राव होणाऱ्या मातेला एका ठिकाणी रक्त नाही म्हणून पुढे पाठविले, की गेलेला तास परत येत नाही. मेंदूतील रक्तवाहिनीतली गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.

म्हणूनच छातीत दुखणे, हातापायातील शक्ती अचानक जाणे, सर्पदंश, धाप लागणे किंवा गरोदरपणी रक्तस्राव होणे यांपैकी काहीही झाल्यास सोमवारची वाट पाहणे घातक ठरते. २०१४ पासून राज्यात सुरू असलेली १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा रविवारीही उपलब्ध असते. शहरात रुग्ण दाखल असेल, तर शुक्रवारीच नातेवाइकांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पुढील दोन दिवस जबाबदार डॉक्टर कोण, आणि प्रकृती बिघडल्यास कोणत्या तपासण्या तेथेच होतील?

शासनाकडूनही अपेक्षा साधीच आहे. प्रत्येक रुग्णालयाने मृत्यूंची वारनिहाय आणि वेळनिहाय छाननी करून ती जाहीर करावी. कोणत्या तालुक्यात रविवारी कोणता दुवा निखळतो, हे त्यातूनच कळेल. निखळलेला दुवा दिसल्याखेरीज तो जोडता येत नाही.