कोचीनच्या विमानतळाची सौरशेती



एरवी बेणे, लागण आणि खोडव्यावर लिहिणारा माणूस एकदम विमानतळाकडे कसा वळला, असे आपणांस वाटेल. पण केरळातील कोचीनच्या विमानतळाने विजेबाबत जे करून दाखवले, ते आपण भागधारकांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण तोही भागभांडवलावरच उभा राहिला. परदेशी नोकरीला गेलेल्या हजारो केरळी लोकांनी शेअर्स घेतले, राज्य सरकारने वाटा उचलला आणि १९९९ साली नेडुंबस्सेरी येथे विमाने उतरू लागली.

विमानतळ रात्रंदिवस जागा असतो. मोठाल्या इमारतींची वातानुकूलन यंत्रे, सामानाचे पट्टे, धावपट्टीवरचे दिवे, सगळे विजेवर. ती वीज कोळशाची असेल तर युनिटागणिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, शिवाय बिल भरावे लागते ते वेगळेच. २०१५ च्या सुमारास कोचीनला रोज ५० हजार युनिटांच्या आसपास वीज लागत होती.

आधी दोन गुंठे, मग शिवार

नव्या जातीचे बेणे आपण आधी थोड्या जागेत लावून बघतो. त्यांनीही तेच केले. मार्च २०१३ मध्ये एका इमारतीच्या छपरावर फक्त १०० किलोवॅटचा सौर संच बसवला. तो ठीक चालतो असे दिसल्यावर १ मेगावॅटचा. मग १८ ऑगस्ट २०१५ रोजी १२ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. जागा ४५ एकर, पॅनेल ४६,१५०, खर्च सुमारे ६२ कोटी रुपये. पूर्णपणे सौर विजेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून त्याचे नाव झाले.

रात्री काय?

सूर्य मावळल्यावर काय करायचं, हा प्रश्न कुणीही विचारील. त्यांनी त्यासाठी बॅटऱ्या ठेवल्या नाहीत. दिवसा उरलेली वीज केरळच्या वीज मंडळाच्या तारेत सोडायची आणि रात्री परत घ्यायची. सोसायटीच्या खात्यासारखाच व्यवहार, जमा आणि उचल! पावसाळ्यात ऊन कमी पडते, पण नद्या भरून वाहतात. म्हणून २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात अरिप्पारा येथे ४.५ मेगावॅटचे छोटे जलविद्युत केंद्रही उभारले.

जमिनीचे काय?

४५ एकर पॅनेलखाली घातली म्हटल्यावर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येणारच. पण तिथे पॅनेलच्या ओळींमध्ये भाजीपाला लावला. पॅनेल धुतलेले पाणी त्याच पिकाला मिळते आणि तणही आटोक्यात राहते. एका पाण्यात दोन कामे.

हिशेब खरा मांडावा

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा हिशेब विमानतळाच्या विजेचा आहे. आकाशात उडणाऱ्या विमानाच्या इंधनाचा धूर त्यात येत नाही, आणि तो धूर कितीतरी जास्त आहे. तेव्हा विमानप्रवास निर्धोक झाला, असे कुणी समजू नये. निसर्गही सवलत देत नाही. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात पेरियार नदीचे पाणी शिरून हाच विमानतळ दोन आठवडे बंद पडला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने सौर कामाबद्दल त्याचा गौरव केला.

आपण यातून काय घ्यावे? आपल्याकडे बगॅस आहे, त्यावर वाफ आणि वीज होते. वाफ कमी लागली की बगॅस उरतो, आणि उरलेला बगॅस म्हणजे पैसाच. वार्षिक सभेत आपण उसाच्या भावाबद्दल बोलतो, ते योग्यच आहे. यंदा आणखी एक विचारा: टनभर ऊस गाळायला किती वाफ आणि किती युनिट लागले? गेल्या हंगामापेक्षा कमी की जास्त? उत्तर आम्हा अधिकाऱ्यांना द्यावेच लागेल. मालकाने मीटर बघितला की वापरणाऱ्याचा हात आपोआप आखडता होतो.

— ऊस विकास अधिकारी